मालदांडीची निवड

जामसंड्यात भाकरी म्हणजे तांदळाची, नाहीतर नाचणीची. त्यामुळे आमच्या किनाऱ्यावर वाढलेला वाचक मराठी साहित्यातली घाटावरची भाकरी आपल्या तव्यावरून समजून घेतो आणि तिथेच चुकतो. ती भाकरी ज्वारीची असते, आणि त्या ज्वारीला स्वतःचा इतिहास आहे.

सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत शाळू पेरला जातो तो पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात. पुढे तो बहुतांशी जमिनीत मुरलेल्या ओलीवरच वाढतो. दाणा भरण्याच्या वेळी ती ओलही आटत आलेली असते. म्हणजे हे पीक नेहमी अवर्षणाच्या काठावर उभे. पण दाणा पक्व होताना पाऊस नसतो, म्हणूनच तो पांढराशुभ्र आणि टपोरा निघतो. दुष्काळात बादशाही कोठारे लुटवणाऱ्या दामाजीपंतांची आख्यायिका मंगळवेढ्याचीच असावी, हे या मातीला साजेसेच आहे.

१९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून एक वाण निवडण्यात आला : एम ३५-१. हा संकर नव्हता, निवड होती. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी कुटुंबांनी बियाण्यासाठी कणसे वेचली होती. शास्त्रज्ञांनी त्या मालिकेतली एक निवड केली आणि ती नोंदली गेली. आधीच्या निवडी अनामिकच राहिल्या.

१९६४ साली सीएसएच-१ हा संकरित वाण आला आणि खरिपाचे उत्पादन वाढले. मात्र लवकर तयार होणारे कणीस परतीच्या पावसात सापडले, की दाण्यावर बुरशी चढे आणि तो काळा पडे. पुढे १९७२च्या दुष्काळात परदेशी तांबडी मिलो खावी लागली. पोट भरले, पण त्या पिढीच्या आठवणीत ती भाकरी नावडतीच राहिली.

मक्याचा अनुभव याहून वेगळा नाही. १९६४ साली अमेरिकेत मर्ट्झ आणि नेल्सन यांनी लायसिन जास्त असलेला 'ओपेक-२' मका जगापुढे मांडला. पोषण वाढले, पण दाणा मऊ, निस्तेज आणि वजनाला हलका. मेक्सिकोत सुरिंदर वासल आणि एव्हांजेलिना व्हिलेगास यांनी अनेक वर्षे खपून तो पुन्हा कठीण केला, आणि २००० साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पोषक दाणाही खाणाऱ्याने स्वीकारावा लागतो, हे त्यांच्या श्रमांचे सार.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा असे वाण दिले. तरीही तुलना होते ती मालदांडीशीच. वाणाचा इतिहास आपण संस्था आणि सालांनी लिहितो. पण पिठाला विरी आहे की गेली, हे परातीवर भाकरी थापणारा हातच ठरवत आला आहे. त्या हाताचा निकाल कुठल्याही अहवालात नाही. तरीही शास्त्रज्ञाच्या आधी आणि त्याच्या नंतर निवड केली ती त्यानेच.