आणेलीवरचे पाणी

नाण्यांचा इतिहास लिहिणारे विद्वान एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारीत आले आहेत : हे नाणे कोणी पाडले? राजा कोण, टांकसाळ कोणती, धातू कोणता, वजन किती. हे सारे हवेच. पण मला दुसरा प्रश्न पडतो. ते नाणे कोणाच्या हातात पडले, आणि कसे पडले?

नवे पैसे निघण्यापूर्वीची गोष्ट. चांदा जिल्ह्यातल्या आमच्या गावी किराण्याचे एकच दुकान होते. माय मला मिठासाठी आणेली देऊन पाठवायची. नागमोडी कडेची ती आणेली अंधारातही बोटांना ओळखू यायची. दुकानाच्या पायरीखाली एक चपटा दगड होता. त्यावर आणेली ठेवायची आणि चार पावले मागे सरायचे. दुकानदार लोट्यातले पाणी तिच्यावर शिंपडी आणि मगच ती उचली. मीठ वरून टोपल्यात पडे. आणेलीवर इंग्लंडच्या राजाचे मुंडके होते. विटाळ माझा आणि आंघोळ राजाला! आमचा पैसा त्याने नाकारला मात्र कधीच नाही.

पुढे शिकायला मिळाले तेव्हा कळले की नाणेशास्त्राच्या ग्रंथांत आमच्या चांद्याचे नाव मानाने घेतले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या जिल्ह्यात सातवाहनांच्या नाण्यांचा साठा सापडला. रॅपसनने १९०८ साली ब्रिटिश म्युझियमसाठी जी सूची केली तिच्यात 'चांदा साठ्या'चा उल्लेख वारंवार येतो. ही नाणी सोन्याची नाहीत, चांदीचीही नाहीत. ती पोटीनची, म्हणजे तांबे, शिसे आणि कथील यांच्या हलक्या मिश्रणाची आहेत. बाजारहाटाची नाणी. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळे जोडून केलेले उज्जैन चिन्ह. अक्षरे ब्राह्मी आणि भाषा प्राकृत. पुळुमावी, यज्ञश्री सातकर्णी ही नावे त्यांवर वाचता येतात.

हे वाचून मला प्रथम आनंद झाला. देवभाषा नाही, लोकांची भाषा! पण आनंद फार टिकला नाही. याच पुळुमावीच्या बापाची, गौतमीपुत्राची, प्रशस्ती नाशिकच्या लेण्यात कोरलेली आहे. लेणे दिले आहे बौद्ध भिक्षूंना. आणि त्याच लेखात राजाची थोरवी कोणती सांगितली आहे? तर त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला. लोकभाषेतले नाणे म्हणजे लोकांचे राज्य नव्हे, हे तिथेच कळून चुकते.

मधल्या शतकांवर फार रेंगाळत नाही. चांद्याच्या गोंडराजांचे चिन्ह, हत्तीवर मात करणारा सिंह, शहराच्या वेशींवर आजही दगडात उभे आहे. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी हे राज्य गिळले. भोसल्यांचा रुपया पाडला जाई नागपुरात, पण त्यावर नाव दिल्लीच्या बादशहाचे, फारशी अक्षरांत. ज्याच्या नावाचा रुपया त्याला इथे कोणी पाहिले नव्हते, आणि रुपयावरचे नाव इथल्या माणसाला वाचता येत नव्हते. मग १८५४ मध्ये इंग्रज आले. त्यांचा कलदार रुपया १८३५ पासूनच ठरलेला होता : वजन १८० ग्रेन, बारा भागांत अकरा भाग चांदी. राणीछाप रुपया इथल्या गोंड बायांनी कडी लावून गळ्यात घातला. त्याला आपले संशोधक 'आदिवासींची सौंदर्यदृष्टी' म्हणतात. असेलही. पण दुष्काळात सावकार हीच माळ तराजूत टाकी, हेही त्याच लेखात लिहायला हवे.

आमच्या लोकांच्या गळ्यात रुपया नव्हता, कारण हातातही नव्हता. गावकीचे काम करायचे आणि मोबदल्यात धान्य, शिळी भाकर. भाकर मागावी लागते, आणि मागताना जोहार घालावा लागतो. नाण्याचे तसे नाही. १ जानेवारी १८७७ ला नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. व्हिक्टोरियाला त्याच दिवशी सम्राज्ञी म्हणून जाहीर केले गेले, आणि तिच्या रुपयावरही 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' आले. सम्राज्ञीचे आम्हांला काय! पण गिरणीतला पगार नगद होता. तो मागावा लागत नव्हता, मोजून घ्यायचा होता. महार विणकराची पोरे पुढे त्या वाटेला लागली, ती केवळ पोटासाठी लागली असे मला वाटत नाही.

बाबासाहेबांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनाचे बिल मांडले. त्यात बलुत्याऐवजी पैशात कर घेऊन त्यातून मोबदला द्यावा असा विचार होता. भाकरीच्या जागी नाणे. आणि हा माणूस नाण्याविषयी हवेत बोलत नव्हता. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला होता. रुपयाची किंमत उतरली की व्यापाऱ्याचा फायदा होतो. पण तो फायदा येतो कुठून? वस्तूंचे भाव वाढतात, मजुरी मागे राहते. म्हणजे तो मजुराच्या पोटातून येतो, हे त्यांनी त्यात मांडले आहे. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. आपल्या सभांतून आता छातीठोकपणे सांगतात की रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच काढली. टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी हा ग्रंथ उघडला असेल?

स्वातंत्र्य आले. १९४७ च्या निकेलच्या रुपयावर एका बाजूला राजा आणि दुसऱ्या बाजूला वाघ होता. वाघाचे आम्हां चांदेकरांना नवल नव्हते. १९५० मध्ये राजा गेला आणि अशोकाचे सारनाथचे सिंह आले, आणेलीच्या पाठीवर बैल आला. त्याच वर्षी घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली. आमच्या गावी दगड तोच होता, लोटा तोच होता. आता पाणी अशोकाच्या सिंहांवर पडू लागले.

१६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. माय गेली होती. परत आल्यावर तिने माझ्या हातात आणेली दिली आणि म्हणाली, "आता गोट्यावर ठेवू नोको बाबू. हातात देजो." मी हात पुढे केला. दुकानदाराने केला नाही. बराच वेळ मी तसाच उभा राहिलो, मग आणेली घेऊन परत आलो. त्या रात्री आम्ही अळणी जेवलो. पुढे कित्येक महिने मीठ आठवडी बाजारातून आले, तीन कोस चालून. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे निघाले तेही आम्ही प्रथम बाजारातच पाहिले.

बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० चा एक रुपया निघाला, त्यावर त्यांची मुद्रा होती. २०१५ मध्ये दहा रुपयांचे आणि सव्वाशे रुपयांचेही नाणे निघाले, पण सव्वाशेचे नाणे कपाटात ठेवायचे असते, त्याने मीठ येत नाही. मला तो रुपयाच मोलाचा वाटतो. तो मला नागपुरात सुट्या पैशांत मिळाला. मी तो जपून गावी नेला आणि मुद्दाम त्याच दुकानात गेलो. गल्ल्यावर आता मुलगा बसत होता. मी काडेपेटी मागितली आणि रुपया पुढे केला. त्याने तो माझ्या हातातून घेतला आणि न पाहताच गल्ल्यात टाकला.

मी दुसरा रुपया काढला. म्हटलं, "तो मघाचा वापस दे."

"कावून? खोटा हाये का?"

"नाई. त्याच्यावर बाबासाहेब हायेत."

त्याने गल्ला चाळला, रुपया शोधला, उजेडाला धरून उलटसुलट पाहिला. "मले तं नेहरूच वाटले," तो म्हणाला, आणि माझ्या तळहातावर ठेवला.