सर्पगंधा आणि बेडकाचें हृदय

बिहारच्या बाजारांत सर्पगंधेची मुळी ‘पागल की दवा’ या नांवानें विकली जात असे. उन्माद व अनिद्रा यांवर ती देणारा वैद्य एकच खूण पाही: रोगी शांत झाला कीं नाहीं, त्याला झोंप लागली कीं नाहीं. १९३१ सालीं या मुळीची परीक्षा प्रयोगशाळेंत सुरू झाली, तेव्हां साक्षीदार म्हणून बेडूक पुढें आला.

श्रोत्यांना प्रश्न पडेल, बेडूकच कां? त्याचें हृदय शरीरांतून काढून योग्य क्षारद्रवांत ठेवलें, तर तें कांहीं तास धडधडत राहतें. त्याला दोऱ्यानें एक हलकी काडी जोडावयाची. तिचें टोंक काजळी धरलेल्या, फिरत्या कागदावर टेकलें कीं प्रत्येक ठोक्याची पांढरी रेघ उमटते. औषधाचे थेंब पडतांच रेघ उंचावली, बसकी झाली कीं थांबली, हें कोणालाहि दिसावें. वैद्याच्या नाडीपरीक्षेंत ही सोय नव्हती.

दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजांत सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनीं या मुळींतून पांच स्फटिकरूप द्रव्यें वेगळीं केलीं. कांहीं पांढरीं, कांहीं पिवळीं. हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ एकाचें नांव ‘अजमलिन’ ठेवलें. बेडकांवरील प्रयोगांत पांढऱ्या गटानें हृदय मंदावलें, पिवळ्यानें उलट त्यास चेतविलें. एकाच मुळींत लगाम आणि चाबूक दोन्ही!

त्याच वर्षीं गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्मादाबरोबर वाढत्या रक्तदाबावरहि ही मुळी उपयोगी पडल्याचें प्रसिद्ध केलें. १९३३ सालीं कलकत्त्यास रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांना जनावरांतहि रक्तदाब उतरल्याचें दिसलें. पुढें मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं ५० रोग्यांवरील आपला अनुभव १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें मांडला, आणि पश्चिमेचें लक्ष इकडे वळलें.

परंतु वैद्य ज्या झोंपेबद्दल सांगत, ती देणारें मुख्य द्रव्य दिल्लीच्या त्या स्फटिकांत नव्हतेंच. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझल येथें तें मुळीच्या राळेसारख्या भागांतून हातीं आलें. त्याचें नांव रिसर्पिन. रक्तदाब उतरविणें व मन निववणें हीं दोन्ही कामें मुख्यतः त्याचीं. दोष बेडकाला देतां येत नाहीं. त्याला प्रश्न हृदयाचा विचारला होता. मात्र रिसर्पिन घेणाऱ्या कांहीं रोग्यांना घोर खिन्नतेनें ग्रासल्याचें पुढें डॉक्टरांनीं नोंदविलें, तेव्हां हा फरक महाग वाटूं लागला. बेडकाची खिन्नता काजळीच्या कागदावर कशी उमटावी?

अजमलिनाचें मात्र बेडकानें ओळखलें तें बरेंचसें खरें ठरलें. हृदयांतून जाणारी विद्युत्‌लहर तें मंद करतें. ब्रुगाडा नांवाचा हृदयविकार कांहीं माणसांत दडून असतो; तो उघडकीस आणण्यासाठीं आजहि कित्येक रुग्णालयांत डॉक्टर हें औषध शिरेंतून हळूहळू सोडतात, आणि हृदयाच्या विद्युत्‌-आलेखाची रेघ कशी बदलते याकडे डोळे लावून बसतात.