सार्वजनिक बाग आणि शेजारधर्म

शेजारणीकडून विरजण आणावे, तिच्या परसातली कढीलिंबाची डहाळी हक्काने तोडावी, ही आपली जुनी रीत. अशा देवघेवीतूनच शेजार जुळतो. परंतु जिथे परसूच नाही आणि शेजाऱ्याची भाषाही समजत नाही, तिथे शेजार कसा जुळावा? अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या गरीब वस्त्यांनी या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले. त्याचा इतिहास भगिनींपुढे थोडक्यात ठेवते.

न्यूयॉर्क म्हटले की उंच इमारती आणि श्रीमंती आपल्या डोळ्यांपुढे येते. पण १९७०नंतरच्या दशकात त्या शहराला ओहोटी लागली होती. कारखाने बंद पडले आणि ऐपतीचे लोक उपनगरांत राहावयास गेले. १९७५ साली तर शहराचे दिवाळे वाजण्याची वेळ आली होती. गरीब वस्त्यांतले कित्येक घरमालक कर थकवून इमारती वाऱ्यावर सोडून गेले. काहींनी विम्याच्या पैशासाठी त्या जाळविल्या. पडक्या घरांच्या जागा थकलेल्या करापोटी शहराच्या ताब्यात आल्या. तिथे कचऱ्याचे ढीग साचले आणि भल्या माणसांना त्या बाजूने जाण्याचीही भीती वाटू लागली.

अशा वेळी लिझ क्रिस्टी नावाची एक चित्रकार बाई पुढे आली. १९७३ साली तिने व तिच्या सोबत्यांनी बोअरी व ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील पडीक जागा साफ करावयास घेतली. आपल्या गटाचे नाव त्यांनी ‘ग्रीन गुरिलाज’ असे ठेवले, म्हणजे हिरवे गनिमी सैनिक! शिवरायांच्या मुलखातल्या आपणांस हे नाव समजावून सांगावयास नको. कुंपण घातलेल्या पडीक जागांत ही मंडळी बी व खत भरलेले फुगे बाहेरूनच फेकीत. १९७४ साली शहराने ती कोपऱ्यावरची जागा त्यांना महिना एक डॉलर भाड्याने दिली. त्यांनी माती आणून टाकली, साठ वाफे केले, भाजी लावली. लिझ क्रिस्टी १९८५ साली वारली. पुढल्या वर्षी त्या बागेला तिचे नाव दिले गेले. एकीचे पाहून दुसरी उठली. १९७८ साली शहराने अशा बागांसाठी ‘ग्रीनथंब’ नावाची योजनाच सुरू केली.

बाग झाली की माणसे येतात आणि माणसे जमली की गाणे येते. पोर्टो रिको बेटावरून पोट भरण्यासाठी आलेल्या लोकांनी आपल्या बागांत गावाकडच्यासारखी लाकडी, रंगीत घरकुले बांधली. त्यांना ते ‘कासिता’ म्हणतात. ब्राँक्स भागातील ‘रिंकॉन क्रिओयो’ ही अशीच एक प्रसिद्ध बाग आहे. तिथे वडीलधारी माणसे मुलांना ‘प्लेना’ हे आपले लोकसंगीत शिकवीत. त्यातले वाद्य पुष्कळसे आपल्या डफासारखे असते. परक्या शहरात जन्मलेल्या पोरांना आजीआजोबांचे गाणे शाळेत मिळाले नाही, ते वांगी-मिरच्यांच्या वाफ्यांशेजारी मिळाले. इतर बागांतही भिंतींवर चित्रे रंगविली गेली, मुलांची नाटके झाली. भाजी पिकविता न येणारा तिथे गाऊ लागला आणि गाता न येणारा पाणी घालू लागला. प्रत्येकाला काहीतरी काम मिळाले.

परंतु माणसाने जागेला रूप दिले की तिची किंमत चढते. १९९९ साली त्या वेळच्या महापौरांनी शंभराहून अधिक बागा लिलावात काढल्या. शहराला पैसा हवा आणि लोकांना घरेही हवीत, असे त्यांचे म्हणणे होते. ते अगदीच खोटे होते असे नाही. गरिबाला घर हवेच. पण वीस-पंचवीस वर्षे राबलेल्या लोकांना कोणी विचारले नव्हते. त्यांनी फुलांचे व किड्यांचे वेष घेऊन मोर्चे काढले. अखेर लिलावाच्या आदल्या दिवशी दोन संस्थांनी मिळून सुमारे ४२ लाख डॉलर देऊन त्या बागा सोडविल्या. त्यांतली एक संस्था बेट मिडलर या गायिका-अभिनेत्रीने काढलेली होती.

सगळ्याच वाचल्या नाहीत. ‘एस्पेरांझा’ म्हणजे ‘आशा’ नावाच्या बागेत लोकांनी पोर्टो रिकोच्या लाडक्या ‘कोकी’ बेडकाची भलीमोठी प्रतिकृती उभारली आणि तिच्यात बसून पहारा दिला. तरीही फेब्रुवारी २००० मध्ये एका सकाळी यंत्राने ती बाग सपाट केली. त्याच दिवशी काही तासांनी न्यायालयाने इतर बागा पाडण्यास मनाई केली. पुढे २००२ साली तडजोड होऊन काही जागा घरबांधणीस गेल्या आणि शेकडो बागा राहिल्या. आज ‘ग्रीनथंब’मध्ये पाचशेहून अधिक बागा आहेत.

या इतिहासातून आपण काय घ्यावे? गाव करी ते राव न करी, हे तर खरेच. पण नुसता घाम पुरत नाही, कागदही लागतो. ज्या बागांची मालकी वेळीच लोकांच्या संस्थांकडे आली, त्या निश्चिंत राहिल्या. आपल्या मंडळामागच्या मोकळ्या जागेत आपण भोंडला खेळतो, तुळशीचे लग्न लावतो, मुलींची नाटके बसवितो. ही जागा कोणाच्या नावावर आहे, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे? त्या जागेवर इमारत होणार अशी कुजबुज अधूनमधून कानी येते. तेव्हा मला वाटते की, या वर्षी कार्यकारिणीने जागेची कागदपत्रे पाहावी, रीतसर अर्ज करावा आणि तोवर कोपऱ्यात चार वाफे करून टाकावे. मेथी कोणी पेरावी, पाणी कोणी घालावे, यावरून चार शब्द होतीलही. होऊ द्यावेत. बोलणेच नसण्यापेक्षा ते बरे. आणि पहिली जुडी निघेल ती ज्या शेजारणीशी आपली अजून ओळख नाही, तिच्या दारी पोचवावी.