नुर्मगोमेदोव, खबीब
(२० सप्टेंबर १९८८ – ). मिश्र युद्धकला, म्हणजे ठोसे, लाथा व कुस्तीचे डाव एकाच लढतीत चालणारा क्रीडाप्रकार, यातील रशियन लढवय्ये. दागेस्तानात जन्मलेल्या नुर्मगोमेदोव यांनी वडील अब्दुलमनाप यांच्याकडे कुस्ती, ज्यूदो व साम्बो (सोव्हिएत काळात घडलेली झुंजीची पद्धत) यांचे धडे घेतले, २००८ मध्ये व्यावसायिक लढतींना आरंभ केला आणि अपराजित राहून २०१२ मध्ये यूएफसी या अमेरिकी संस्थेत प्रवेश मिळवला. दुखापती व वजन उतरवताना झालेले त्रास यांमुळे लांबलेले हलक्या वजनगटाचे (७०.३ किग्रॅ.) अजिंक्यपद त्यांना २०१८ मध्ये लाभले. प्रतिस्पर्ध्याला रिंगणाभोवतीच्या जाळीच्या कडेला दाबून थकवणे हे त्यांचे खरे बलस्थान. ठोसेबाजी त्या मानाने साधी. वडिलांच्या निधनानंतर, ऑक्टोबर २०२० मध्ये, सर्व २९ लढती जिंकून ते निवृत्त झाले.