लक्ष्मीबाईंचे दागिने

दानाचा विषय निघाला की आपल्याला मंदिरातल्या पाटीवरची नावे आठवतात. मला मात्र लक्ष्मीबाई पाटील आठवतात. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या गरीब मुलांसाठी वसतिगृह काढले. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या जैन गृहिणीने त्या मुलांना आपले मानले, जेवू घातले. धान्य संपले तेव्हा एकेक दागिना दिला, शेवटी मंगळसूत्रसुद्धा! (आपल्यापैकी किती जणी धजतील?) १९३० साली त्या गेल्या.

रयत शिक्षण संस्थेच्या कामासाठी ‘मुष्टिफंड’ही होता. गावातल्या बायका घरच्या धान्यातून मूठभर बाजूला काढत. तेवढ्यासाठी घरात कुणाला विचारावेही लागत नसावे, असे मला वाटते.