पुण्याचे ओढे आणि काठावरची माणसे

मुळा आणि मुठा या नद्यांची गटारे झाली आहेत आणि त्या स्वच्छ झाल्या पाहिजेत, याविषयी पुण्यात आज दुमत नाही. महापालिका तसे म्हणते, वृत्तपत्रे म्हणतात, पर्यावरणवादी मंडळीही म्हणतात. नदीविषयक प्रत्येक आराखड्यात 'लोकसहभाग' हा शब्द असतो. पण हे 'लोक' कोण, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. नदीवर फिरावयास येणारे ते लोक आणि नदीच्या काठी राहणारे ते अतिक्रमण, अशी विभागणी न बोलता मान्य झालेली आहे. ती आजची नाही. या शहराच्या पाण्याच्या इतिहासातच तिची मुळे आहेत आणि ती तपासल्याशिवाय नदी सुधारण्याच्या कोणत्याही भागीदारीला अर्थ येणार नाही.

पेशवाईत पुण्याला कात्रजहून पाणी आले. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या नळातून ते शनिवारवाड्यापर्यंत आणले. वाटेत काळा हौद, बदामी हौद असे हौद झाले. स्थापत्य म्हणून हे काम थोर आहे, हे मान्यच केले पाहिजे. याच काळात, शहराच्या मधून वाहणारा आंबिल ओढाही वळविण्यात आला आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर पेठा वाढल्या. पाणी कोठून यावे, कोठून जावे आणि सुटलेल्या जमिनीवर कोणी राहावे, हे सारे सत्तेने ठरविले. याच पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला जात असे, याची आठवण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'वरील आपल्या भाषणात करून दिली आहे. ज्याची थुंकी जमिनीला चालत नव्हती, त्याचा घडा हौदाला चालणार होता काय?

म्हणून १८६८ हे साल पुण्याच्या पाण्याच्या इतिहासात कात्रजच्या तलावाइतकेच मोठे आहे. त्या वर्षी जोतीराव फुले यांनी गंज पेठेतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पाणी होतेच, बदलला तो पाण्यावरचा अधिकार. हेच जोतीराव १८७६ मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद झाले आणि १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी ताली-बंधारे घालून माती व पाणी अडविण्याचा विचार मांडला. माती, पाणी आणि माणसाची प्रतिष्ठा या गोष्टी त्यांनी एकमेकींपासून तोडल्या नाहीत. आजच्या पर्यावरणविचाराने आपला पूर्वज शोधावयाचा असेल तर तो येथे शोधावा.

पुढची वाट आपणास माहीत आहे. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदावर मोकळे झाले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, तोही कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्या मागे हजारोंनी ओंजळ भरली तेव्हा ठरावाला प्रथमच अर्थ आला. आणि तरीही १९७० च्या दशकात पुण्याच्या डॉ. बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम घेऊन खेडोपाडी हिंडावे लागले. कायदा पाणवठा खुला करतो. तो खुला ठेवण्याचे काम संघटित माणसांनाच करावे लागते, हा त्या पन्नास वर्षांचा धडा आहे.

पाणवठ्याचा प्रश्न शहरात आला तेव्हा त्याने रूप बदलले. शहरात नळ आला आणि उघडी शिवाशिव मागे पडली, असे म्हणतात. पण येणाऱ्या पाण्याबरोबर जाणारे पाणीही असते. ते कोणाच्या दारावरून जाते? १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, खडकवासल्याचे धरणही गेले आणि मुठेकाठचे पुणे वाहून गेले. पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती झाल्या. पुढे १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून, सोलापुराकडून माणसे आणली. त्यांना शहराला लागणारे श्रम देता आले, पण शहराने त्यांना जागा दिली नाही. ज्या जमिनीला भाव नव्हता, तेथे ती राहिली: टेकडीचा उतार, नदीचा काठ, ओढ्याचा काठ. गावात महारवाडा-मांगवाडा गावकुसाबाहेर होता. शहरात तो पूररेषेच्या आत आला.

आंबिल ओढा याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. कात्रजकडून निघून धनकवडी, अरण्येश्वर, दांडेकर पूल असा तो मुठेला मिळतो. वरच्या अंगाला टेकड्या फोडल्या गेल्या, बांधकामे झाली, ओढ्याचे पात्र भिंतींनी आवळले गेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाऊस कोसळला आणि त्या आवळलेल्या पात्रातून पाणी वस्त्यांत शिरले. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. शहर आणि परिसरात मिळून वीसहून अधिक बळी पडले. ओढा अरुंद कोणी केला आणि मेले कोण, या दोन प्रश्नांची उत्तरे एक नाहीत. माझ्या वर्गात ओढ्याकाठून येणारी मुले आहेत. पावसाळ्यात ती जातीचे दाखले आणि गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगून ठेवतात. त्यांच्यासाठी पर्यावरण हा निबंधाचा विषय नाही.

त्यानंतर दोन वर्षेही झाली नव्हती. २४ जून २०२१ रोजी, करोनाच्या काळात आणि ऐन पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळील आंबिल ओढ्याच्या वस्तीवर कारवाई झाली आणि घरे पाडली गेली. ओढा सरळ करावयाचा आहे, पूर टाळावयाचा आहे, असे कारण सांगण्यात आले. लोकांनी रस्त्यावर प्रतिकार केला, न्यायालयात धाव घेतली आणि त्याच दिवशी स्थगिती मिळविली. पेशवाईत ओढा वळला तेव्हा काठावरच्यांना विचारण्याची पद्धत नव्हती. लोकशाहीत ओढा वळवताना तरी ती असावी, एवढेच त्या लोकांचे म्हणणे होते.

आता नदीकडे वळू. जपानच्या कर्जसाहाय्याने ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे उभारण्याची योजना आहे. तिची एकत्रित क्षमता दिवसाला सुमारे ४० कोटी लिटर. दुसरीकडे ४४ किलोमीटर नदीकाठ सुधारण्याची योजना आहे. दोन्हींचा आरंभ ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाला. त्याच महिन्यात महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे प्रशासकाचा कारभार चालला. म्हणजे काठ बदलत असताना, काठावरच्या माणसाने ज्याच्या दारात जाऊन भांडावे असा नगरसेवकच नव्हता. २५ जुलै २०२४ रोजी मुठेला पूर आला तेव्हा एकतानगरीतील मध्यमवर्गीय इमारतींतही पाणी शिरले आणि पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना तिघे विजेच्या धक्क्याने गेले. पाणी जात पाहत नाही, हे खरे. पण पूर ओसरल्यावर कोण विम्याकडे जातो आणि कोण उसन्याकडे, हे मात्र जात आणि वर्ग ठरवतात.

या योजनांविरुद्ध शहरातील नागरिकांनी चांगले काम केले आहे. 'जीवितनदी'सारख्या संस्था २०१४ पासून माणसांना नदीवर नेत आहेत, काठ दत्तक घेत आहेत. झाडे वाचविण्यासाठी २०२३ मध्ये लोक रस्त्यावर उतरले. त्यांच्या तळमळीविषयी शंका नाही. परंतु ज्या चळवळीच्या बैठकीला ओढ्याकाठची बाई श्रोता म्हणून येते, वक्ता म्हणून येत नाही, ती चळवळ अर्धी आहे.

खरी भागीदारी कशी दिसते, हेही पुण्यातच पाहता येते. १९९३ मध्ये कचरावेचकांनी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी केली. त्यांतील बहुसंख्य दलित स्त्रिया. त्यातून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार केला. सभासद दारोदार कचरा घेतात, वेगळा करतात, घरोघरचे शुल्क आणि भंगाराचे पैसे त्यांचे असतात. जे प्लॅस्टिक त्यांच्या हातून भंगारात जाते, ते ओढ्यात जात नाही. नदी स्वच्छ ठेवण्याचे हे रोजचे काम आहे. त्याचे उद्घाटन होत नाही. या कराराचे नूतनीकरण दर वेळी भांडून मिळवावे लागते, हे विसरू नये. आणि हाताने मैला साफ करण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी असूनही गटारात उतरून माणसे मरतच आहेत. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला भरपाई ३० लाखांवर न्यावी लागली. नदीच्या सौंदर्याचा हिशेब त्या मृत्यूंना वगळून मांडता येणार नाही.

अमेरिकेत १९८२ साली नॉर्थ कॅरोलायनातील वॉरन परगण्यात, बहुसंख्य काळ्या वस्तीच्या उशाशी विषारी मातीचा डेपो आणला गेला. लोक ट्रकांपुढे आडवे झाले, शेकडोंना अटक झाली. डेपो थांबला नाही. पण घाण नेहमी काळ्यांच्याच दारी का, हा प्रश्न त्यांनी देशापुढे ठेवला आणि त्यातून 'पर्यावरणीय न्याय' ही संकल्पना रुजली. आपल्याला ती आयात करण्याची गरज नाही. गंज पेठेचा हौद आणि महाडचे तळे आपल्याजवळ आहे.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. पूररेषा आखताना वस्तीतील माणसे सोबत असावीत; कोणते पाणी कोठवर चढते हे त्यांच्या भिंतींवर लिहिलेले आहे. घर हलवावेच लागले तर ते कामाच्या आणि शाळेच्या आसपास मिळावे, आणि पाडण्याआधी मिळावे. शुद्धीकरण केंद्रांत व गटारांवर काम करणाऱ्यांना यंत्र, कायम नोकरी आणि सुरक्षितता मिळावी. वस्तीचे प्रतिनिधी निर्णयाच्या बैठकीत असावेत आणि त्यांच्या नकाराला किंमत असावी. कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी प्रत्येक ओढ्याची नोंद ठेवण्याचे काम अंगावर घ्यावे: कोण कधी आले, पाणी कधी चढले, कोणाला कोठे हलविले. ही नोंद हाती असली की उद्या कोणी आपल्याला अतिक्रमण म्हणेल तेव्हा आपण इतिहास पुढे ठेवू शकू.