रेशमाचा चौकोन, तांदळाची खळ

सीताबर्डीवर मिळतात तशी केसांत माळायची कापडी फुलं जपानात एदो काळापासून, म्हणजे 1603 ते 1868 दरम्यानपासून, हातानं घडतात. नाव त्सुमामी कान्झाशी. त्सुमामी म्हणजे चिमटीत धरणं, कान्झाशी म्हणजे केसांतला दागिना. रेशमाचा इवलासा चौकोन चिमट्यानं दुमडला की झाली पाकळी. ती तांदळाच्या खळीवर उभी करायची. खळ हळूहळू वाळते, म्हणून पाकळी सरकवायला सवड मिळते. ग्लू गनमध्ये कुठली आलीय सवड!

1982 मध्ये टोकियोनं या कामाला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. आपल्याकडे संक्रांतीचे हलव्याचे दागिने करणाऱ्या आज्या-मावश्यांना मात्र आपण कारागीर म्हणत नाही, हे मला खटकतं. मंद आचेवर थोडाथोडा पाक सोडत, तासन्‌तास हातानं हलवल्यावर कुठं त्या हलव्यावर काटा येतो.